रक्तातला राग : पिढीजात काय असतं आणि काय नसतं

विज्ञानकथांमध्ये एक कल्पना नेहमी भेटते. दुसऱ्या ग्रहावरची एक जमात असते आणि तिच्या रक्तातच राग असतो. आजोबांना आला, बापाला आला, एक दिवस नातवालाही येणार. आला की समोर कोण आहे तेही कळत नाही. गोष्टीत हे ठीक आहे. पण आपल्या कर्जत-खालापूरच्या गावांत, वाड्यांवरही असंच बोललं जातं. कुणी एकाएकी भांडी फेकू लागला, अंगावर धावून गेला, की 'त्यांच्या घराण्यातच आहे ते' असं म्हणून लोक मोकळे होतात. मग भगत होतो, देवऋषी होतो आणि घरातल्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत सगळे गप्प. ह्यात खरं किती, ते आज आपण बघू.

त्या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारं एक घराणं खरोखर सापडलं, नेदरलँड्समध्ये. हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्या घरातल्या काही पुरुषांना क्षुल्लक कारणावरून रागाचे झटके येत. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं 'एमएओ-ए' नावाचं विकर त्यांच्यात काम करत नव्हतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून दोष आईकडून येतो आणि दिसतो मुलात. पण लक्षात घ्या, अशी घराणी जगात अगदी मोजकी सापडली आहेत. एका जनुकातून थेट राग, हे उदाहरण अपवादाचं आहे.

मग बाकीच्यांचं काय? न्यूझीलंडमध्ये डनेडिन इथे 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यावरचा 2002 चा निष्कर्ष असा, की हे विकर कमी बनवणाऱ्या मुलग्यांपैकी ज्यांचे लहानपणी हाल झाले, मारहाण झाली, ते पुढे जास्त हिंसक निघाले. ज्यांना नीट वाढवलं गेलं, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत उत्तर इतकं ठळक आलं नाही, हेही सांगायला हवं.

आता आपल्या घरांत जास्त दिसणारा आजार घेऊ, स्किझोफ्रेनिया. तो शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे वारसा आहेच, पण नव्वद मुलं त्यातून सुटतात. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्याहून जास्त वेळा होत नाही. शिवाय हा आजार असलेली बहुतेक माणसं कधीच कुणावर हात उचलत नाहीत.

ह्याचा पुरावा कर्जतलाच आहे. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी ह्यांनी 1988 मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र इथे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणतात, औषधोपचार करतात आणि घर शोधून परत पोहोचवतात. ह्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रक्तातला शाप असता तर ही माणसं औषधांनी सावरली असती का?

तेव्हा घराण्याचा इतिहास लपवू नका. तो डॉक्टरांना सांगा: कुणाला काय झालं होतं, कितव्या वर्षी, कुठल्या औषधानं बरं वाटलं. दारू, डोक्याला लागलेला मार, फिट्स ह्यांचीही माहिती द्या, कारण त्यांनीही असे झटके येतात. लग्न जमवताना जी गोष्ट आपण झाकतो, तीच उपचाराला सगळ्यात उपयोगी पडते. आणि विचारायचं कुणाला हे कळत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.