आखाती देशांतील लेबनॉनी

लेबनॉन हा देश गोव्याच्या तिपटीहूनही काहीसा लहान आहे. परंतु त्याची माणसे पाहावयाची तर सारे जग धुंडाळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगराळ लेबनॉनातील रेशमाच्या धंद्याला उतरती कळा लागली आणि तेथील कुटुंबे ब्राझील, अर्जेंटिना, पश्चिम आफ्रिका अशी दूरदूर पांगली. अमेरिका खंडात जे गेले ते तिकडचेच झाले. लेबनॉनहून गेलेल्या आईबापांचा मुलगा मिशेल टेमेर हा २०१६ मध्ये ब्राझीलचा राष्ट्राध्यक्षही झाला.

आखातातील अरब देशांची गोष्ट मात्र निराळी. तेथे भाषा तीच, अन्नही बरेचसे ओळखीचे. तरी परका तो परकाच राहतो. तेलाच्या पैशाने वाळवंटात शहरे उठू लागली, आणि इकडे १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे लेबनॉन यादवी युद्धात होरपळत राहिला. तेव्हा अभियंते, डॉक्टर, बँकेतील कारकून, खानावळवाले असे सगळेच तिकडे वळले. रफीक हरीरी १९६५ मध्ये सौदी अरेबियात गेले ते शाळामास्तर म्हणून! पुढे बांधकामाच्या व्यवसायात ते अब्जाधीश झाले आणि १९९२ मध्ये लेबनॉनचे पंतप्रधान. त्यांना सौदी नागरिकत्व मिळाले. परंतु असे भाग्य हजारांत एखाद्याच्याच वाट्याला येते.

बाकीच्यांचा रहिवास ‘कफाला’ ह्या पद्धतीवर उभा असतो. कोकणातून वा गोव्यातून आखातात गेलेल्यांच्या घरी कफील आणि इकामा हे शब्द नवे नाहीत. कफील म्हणजे जामीन राहणारा मालक. आणि इकामा म्हणजे सौदी अरेबियातील रहिवासाचा परवाना. नोकरी गेली की परवान्याचा आधारही जातो. २०२० मध्ये कतारने व २०२१ मध्ये सौदी अरेबियाने नोकरी बदलण्याचे नियम पुष्कळ सैल केले, हे खरे. तथापि मुळातला प्रश्न सुटला नाही. तीस वर्षे राहूनही कायम वस्तीचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि सुरक्षिततेचे कारण पुढे करून हद्दपारीचा हुकूम निघाला, तर न्यायालयाची पायरी चढून फारसे काही हाती लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीतून २००९ मध्ये कित्येक लेबनॉनी शिया कुटुंबांना असेच चंबूगबाळे आवरावे लागले.

म्हणूनच ह्या लोकांचे सारे लक्ष बैरूतकडे असते. २०२१ च्या ऑक्टोबरात माहितीमंत्री जॉर्ज कोर्दाही ह्यांची एक मुलाखत प्रसिद्ध झाली. ती मंत्री होण्यापूर्वी दिलेली होती. येमेनमधील युद्ध निरर्थक आहे, असे ते तीत म्हणाले होते. सौदी अरेबियाने लेबनॉनच्या राजदूताला देश सोडावयास सांगितले आणि लेबनॉनचा माल बंद केला; बहरीन व कुवेतनेही राजदूतांची पाठवणी केली, तर अमिरातीने आपले मुत्सद्दी परत बोलावले. आपल्या देशातील लेबनॉनी रहिवाशांवर आपला राग नाही, अशा आशयाचा दिलासा सौदी सरकारने दिला होता. पण दिलासा म्हणजे कायदा नव्हे! तोंड एकाचे सुटले आणि झोप उडाली ती रियाध-कुवेतमधील घराघरांत. कोर्दाहींनी डिसेंबरात राजीनामा दिला. सौदी आणि कुवेती राजदूत बैरूतला परतले ते एप्रिल २०२२ मध्ये.

झोप उडण्याचे कारण साधे होते. २०१९ मध्ये लेबनॉनच्या बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडकवून ठेवले आणि तेथील पौंड कोसळला. परदेशी राबून साठविलेली पुंजीही त्यातच अडकली. आखातातून दरमहा येणाऱ्या डॉलरवर गावाकडची चूल, औषधपाणी आणि शाळेची फी चालू लागली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ औन पहिल्या परदेश दौऱ्यावर रियाधलाच गेले, ह्यात नवल ते काय?

ह्या कथेला दुसरी बाजूही आहे. खुद्द लेबनॉनात घरकामाला येणाऱ्या इथिओपिया, श्रीलंका, फिलिपाइन्स येथील बायकांवर हीच कफाला पद्धत लादलेली आहे, आणि तेथील कामगार कायद्याने त्यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. डॉलर दुर्मिळ झाले, तेव्हा जून २०२० मध्ये काही मालकांनी आपल्या इथिओपियन मोलकरणींना बैरूतमधील इथिओपियाच्या वकिलातीसमोर आणून सोडले. कित्येकींचा पगार थकलेला होता. काहींजवळ पासपोर्टही नव्हता.