वऱ्हाडपांडे सापडत नाहीत तेव्हा

रामटेकला १९८५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि १९९७ पासून कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ. संगणक आणि व्याकरण दोन्ही गावातच, म्हणून उदाहरणही इथलंच घेऊ.

समजा, एखाद्या संस्थेनं प्रवेशअर्ज मराठीत भरून घेतले. कारकुनानं शोधायला ‘वऱ्हाडपांडे’ टाइप केलं. उत्तर आलं, ‘नोंद नाही’. नोंद तर समोरच्या यादीत ढळढळीत दिसते! सर्व्हर बिघडला म्हणून बोंब होते, पण सर्व्हर बिचारा बरोबरच असतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. कुणी तोच ‘र’ आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत टाइप करतो. तिसरा ‘र्’पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून तोच आडवा रफार मिळवतो. पडद्यावर तिन्ही सारखे, पण संगणक आकडे ताडून पाहतो आणि आकडे वेगळे.

इलाज दोन ओळींचा. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन ‘एनएफसी’ पद्धतीनं चालवलं की पहिले दोन प्रकार एक होतात. जोडचिन्हाचा तिसरा त्याला जुमानत नाही. त्यासाठी ‘रिप्लेस’ची एक ओळ वेगळी लिहावी लागते. खरी मेख जागेची आहे. ह्या ओळी नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे हव्यात. एकीकडेच लावल्या तर घोळ तसाच राहतो. जुन्या नोंदीही एकदा त्यातून काढून घ्याव्या लागतात.

हजेरीपटाचं दुखणं वेगळं. युनिकोडनं ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवलंय, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये काळे कावऱ्यांच्या आधी घुसतात. इथे स्वतःचं डोकं चालवू नये. ‘आयसीयू’ लायब्ररीत मराठीचा क्रम तयार आहे, तो वापरावा.

आणि रकाना बाइटमध्ये मोजू नका. ‘रामटेक’ चार अक्षरांचं, पण यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचं. दहाव्या बाइटवर कापलंत तर ‘राम’ उरतो आणि ‘ट’चा फुटका तुकडा.

बॅकएंड लिहिणाऱ्यांनो, चाचणीच्या नावांत ‘टेस्ट वन, टेस्ट टू’ पुरे झाले. वऱ्हाडपांडे, गोऱ्हे आणि काळे घाला.