दुर्बीण की माशी?

राहुरीच्या मुळा-प्रवरेच्या पट्ट्यात ऊस माणसाच्या डोक्यावर गेला, की बिबट्याच्या बातम्या सुरू होतात. मग पारावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘दुर्बिणीच्या रायफली आल्या, तरी नेम चुकतोच कसा?’

मंडळी, आधी कायदा लक्षात घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याच्या शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवावर उठलेला बिबट्या पकडता वा बेशुद्ध करता येत नसेल, तरच लेखी आदेशाने त्याला मारता येते. करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये अशी वेळ आली होती.

आता नेमाकडे वळू. साध्या रायफलीला मागे खाच आणि नळीच्या टोकाला माशी असते. खाच, माशी आणि जनावर एका रेषेत आणायचे. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट पाहतो. चाळिशी लागली की खाच धूसर होते आणि दिवेलागणीला माशी दिसेनाशी होते. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तेव्हा रायफलीला विजेरी बसवली होती.

दुर्बिणीत फुली आणि जनावर दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. मात्र चित्र जितके मोठे, तितका दिसणारा भाग लहान. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून वीस मीटरवर जेमतेम पाऊण मीटर रुंदीचा भाग दिसतो. बिबट्याचे अंग त्याहून लांब! नुसते ठिपके दिसतात. खांदा की मांडी, ते कळत नाही. शिवाय पट वाढवली की संधिप्रकाशात चित्र काळवंडते, भिंगावर दव धरते आणि जोराचा धक्का बसला तर नेम सरकतो.

म्हणून उसाच्या कडेला एकपट ते चारपट अशी बदलती दुर्बीण बरी. ती कमीत कमी पटीवर ठेवावी, दोन्ही डोळे उघडे असावेत. ती झटकन काढता यावी आणि खाली माशी शाबूत असावी. मोठी दुर्बीण लांबच्या, मोकळ्या रानात स्थिर उभ्या जनावरासाठी. भुलीच्या बंदुकीची सुई तर गोळीपेक्षा फार हळू जाते आणि वाटेत खाली झुकते. तिथे दुर्बिणीइतकाच अंतराचा अचूक अंदाज महत्त्वाचा. भूल चढायलाही काही मिनिटे लागतात.

नेम हुकून जखमी बिबट्या उसात शिरला, तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी सरीत उतरणारा तोडणी कामगार मोजतो. आणि दुर्बिणीला डोळा लावलेल्या नेमबाजाला बाजूच्या बांधावर उभा असलेला माणूस दिसत नाही. म्हणून पथक आले की विजेऱ्या घेऊन धावू नका, पोरांना घरात घ्या, रान मोकळे ठेवा. अचूक नेमाला तेवढी मदत गावालाच करता येते.