ऊस, पाणी आणि मत

‘विकासाचे राजकारण’ हे शब्द कानी पडताच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. विकास चांगला, राजकारण वाईट, आणि दोहोंची गाठ पडली की चांगल्याची माती होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, ह्याची पारख एका विद्वानाने उसाच्या मुलखात जाऊन केली. प्रा. बी. एस. बाविस्कर हे दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा जवळून अभ्यास केला व 1980 मध्ये ‘द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखाना कोपरगावचा असला तरी त्यातील प्रश्न शिरूर व दौंड ह्या आपल्या दोन तालुक्यांचाही आहे. म्हणून तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडे मागे पाहू. 1874 च्या डिसेंबर महिन्यात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्यावर ऋणकोचे घर पाडविले. गाव संतापले. त्याने सावकाराशी सर्व व्यवहार तोडले व त्याच्याकडे कामास जाणेही बंद केले. पुढे 12 मे 1875 रोजी सुपे येथे दंगा झाला आणि गावोगाव कर्जरोखे जाळण्यात आले. इतिहासात हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. सरकारने 1879 मध्ये शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा केला. परंतु नुसत्या कायद्याने घरात भांडवल येत नाही. करड्याच्या शेतकऱ्यापाशी एकच हत्यार होते, ते म्हणजे बहिष्कार. बहिष्काराने अन्यायाचा निषेध होतो. विहीर बांधून होत नाही, की यंत्र उभे राहत नाही.

1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व शेतकऱ्याच्या हाती दुसरे साधन आले. त्याचे मोठे फळ दिसावयास मात्र जवळजवळ अर्धे शतक लागले. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला हंगाम पार पडला. एक शेतकरी आणि एक अर्थशास्त्रज्ञ ह्यांच्या ह्या जोडीचे उदाहरण पाहून महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले. कोपरगावचा कारखाना त्याच मालिकेतला.

आता बाविस्करांच्या प्रतिपादनाकडे वळू. सहकारी संस्थेत सभासदाने एक भाग घेतलेला असो वा पन्नास, त्यास मत एकच असते. मग मोठ्या बागायतदाराने लहान शेतकऱ्यास बाजूस का सारले नाही? ह्याचे उत्तर उसाच्या स्वभावात सापडते. तोडलेला ऊस फार वेळ पडून राहिला तर वाळतो व त्यातील साखर घटते. तो शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. कारखान्याचे यंत्र मोठे, आणि ते हंगामभर रात्रंदिवस चालले तरच परवडते. एवढा ऊस चार-दोन मोठ्या बागायतदारांच्या मळ्यांतून मिळत नाही; त्यास शेकडो लहान शेतकऱ्यांचा ऊस लागतो. अशा रीतीने थोर आणि लहान ह्यांचे हित एका गव्हाणीत येऊन पडते.

हित एक झाले म्हणून भांडण मिटले, असे मात्र नव्हे. संचालक मंडळाची निवडणूक आली की गट पडतात. भाऊबंदकी, जात, गाव, सारे हिशेबात येते. कारखान्याची सत्ता हाती आली की नोकऱ्या, ठेके व मानमरातब हाती येतात, आणि तेथून जिल्हा परिषद व विधानसभा ह्यांची वाट सोपी होते. बाविस्करांनी ह्यातले काहीच झाकून ठेवले नाही. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. विरोधी गट जागा असल्यामुळे सत्ताधारी गटास उसाला बरा भाव द्यावा लागतो व यंत्र नीट चालवावे लागते. नाही तर पुढील निवडणुकीत सभासद त्यास घरी बसवितात. तात्पर्य, राजकारण हे विकासास जडलेले निव्वळ दुखणे नव्हे. सभासद जागे असतील तर तेच त्याचा पहारेकरी होते.

हे माप आता आपल्या तालुक्यांस लावून पाहू. शिरुरात घोड नदीवर चिंचणी येथे धरण आहे, आणि चासकमानचा कालवाही येतो. न्हावरे येथे घोडगंगा सहकारी कारखाना उभा राहिला. दौंडला भीमेचा काठ व मुठेचा कालवा लाभला; पाटस येथे भीमा सहकारी कारखाना निघाला. मुठेचे पाणी पुणे शहरासही हवे आणि दौंड-इंदापूरच्या शेतासही हवे. म्हणून कालव्याच्या आवर्तनाचा प्रश्न निघाला की शहर व शेत ह्यांची ओढाताण होते, आणि शेतकऱ्यांतही वरच्याची व शेवटच्या टोकाच्याची होते. पाणी उताराने वाहते हे भूगोल शिकवितो. ते कोणत्या दारातून सोडावयाचे हे मात्र माणसे ठरवितात. बाविस्करांच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ ह्याहून सोपा करून आम्हांस सांगता येणार नाही.

अलीकडील काळ ह्या दोन्ही कारखान्यांस कठीण गेला. भीमा कारखाना काही हंगाम बंद राहिला व पुढे 2022 मध्ये भाडेपट्ट्याने चालविण्यास देण्यात आला. घोडगंगेचे गाळपही थांबले. दोष कोणाचा, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण कारखाना थांबला म्हणजे उभा ऊस दूरच्या कारखान्यास किंवा गुऱ्हाळास घालावा लागतो, हे दौंड-शिरूरच्या मुलास निराळे सांगावयास नको. त्याच्या पुस्तकांचा व शाळेच्या फीचा पैसा पुष्कळदा त्याच उसातून येतो.

एका उणिवेचाही उल्लेख केला पाहिजे. ज्याच्या शेतास पाणी नाही तो जिराईत शेतकरी, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून मुलांबाळांसह येणारा ऊसतोडणी कामगार, ह्या दोघांस कारखान्याच्या निवडणुकीत मत नाही. साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्या कामगाराचे श्रम आहेत. पण संचालकास जाब विचारण्याचा अधिकार त्यास नाही. मताने मतदाराचे रक्षण होते; ज्यास मत नाही त्याचा कैवार न्यायबुद्धीनेच घ्यावा लागतो. कोप्यांवरील मूल हंगामात शाळेस मुकते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मनात ठेवावी.

मग आपले कर्तव्य काय? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावयास हवेत. 2009 पासून रास्त व किफायतशीर दर ठरविण्याची पद्धत आहे. परंतु नियमांमागे सभासदांची नजर नसेल तर ते कागदावरच राहतात. दर वर्षी कारखान्याचा अहवाल सभासदांसाठी छापला जातो, आणि पुष्कळ घरी तो न उघडताच रद्दीत जातो. विद्यार्थ्यांनी तो उघडावा व वडिलांसमवेत त्यातील तीन आकडे वाचावे: गाळप किती टन झाले, साखरेचा उतारा किती पडला, आणि कर्ज गेल्या वर्षाहून वाढले की घटले. शाळेत शिकविलेले शेकडेवारीचे गणित ह्याहून अधिक येथे लागत नाही. मग वडिलांनी सर्वसाधारण सभेस जावे आणि त्या आकड्यांविषयी उभे राहून विचारावे.

करड्याच्या गावकऱ्यांस प्रश्न विचारावयास सभा नव्हती, अहवाल नव्हता, मतही नव्हते. आपणांस ही तिन्ही मिळाली आहेत. ती वापरावयाची की नाही, एवढेच आता आपल्या हाती आहे.