कोंकणच्या किनाऱ्यावरील पायवाटा

सोलापूरच्या मुलांस समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकांतला विषय होय. आमचें पाणी म्हणजे सिद्धेश्वराचें तळें, एकरुखचा तलाव, आणि पात्र कोरडें पडलें नाहीं तर भीमा व सीना. ह्या नद्यांचें पाणीही जातें तें पूर्वेस, बंगालच्या उपसागराकडे. तथापि चालणें ही गोष्ट आम्हांस नवी नाहीं. येथून पंढरपूर सुमारें ७२ किलोमीटर. तेवढी वाट टाळ वाजवीत तुडविणारें माणूस आमच्या बहुतेक घरांत एखादें तरी सांपडेल. अशा पायांस रत्नागिरीकडचा समुद्र फार दूर म्हणतां येत नाहीं. मंगळवेढें, मिरज व कोल्हापूर यांवरून जाऊन आंबा घाटानें उतरणारा राजमार्ग आमच्याच गांवाहून निघतो, आणि सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर खारें पाणी लागतें.

परंतु मोटारींतून उतरावें, वाळूंत दोन घटका बसावें, शहाळें प्यावें आणि परत फिरावें, ह्यास किनारा पाहणें म्हणतां यावयाचें नाहीं. कोंकणांतला मोठा रस्ता बहुधा समुद्र सोडून डोंगरांच्या आडोशानें जातो. अधूनमधून एखाद्या वळणावर निळी रेघ दाखवितो आणि पुन्हा लपवितो. जो किनारा सलग पाहूं इच्छितो त्यास पायीं गेल्यावांचून गत्यंतर नाहीं. मात्र ह्या वाटा देशावरील वाटांसारख्या नव्हेत. त्यांचे कांहीं नियम आहेत, आणि ते न जाणतां त्यांवर पाऊल ठेवणें जिवावर बेतूं शकतें.

प्रथम ह्या भूमीची घडण ध्यानांत घ्यावी. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. तेवढ्या चिंचोळ्या पट्टींतून नद्या वेगानें उतरतात, आणि त्यांच्या मुखांतून भरतीचें पाणी आंत कित्येक कोस शिरतें, हीच खाडी. दोन खाड्यांच्या मध्यें डोंगराच्या सोंडा समुद्रांत घुसलेल्या असतात, आणि दोन सोंडांच्या मध्यें चंद्रकोरीसारखी वाळूची पुळण पसरलेली असते. पुळणीच्या मागें माड-पोफळींचीं आगरें, त्यांच्या सावलींत गांव, गांवामागें चढण, आणि चढण संपल्यावर जांभ्या दगडाचा सपाट, उघडा, वारा खाणारा माथा. ह्या माथ्यास कोंकणी माणूस सडा म्हणतो. म्हणून किनाऱ्यानें चालणारा मनुष्य एकाच दिवशीं वाळू तुडवितो, सोंड चढतो, सडा ओलांडतो आणि खाडी पार करतो. गांवांतून सड्याकडे नेणारी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची आणि दोहों बाजूंस गडगे असलेली वाट म्हणजे पाखाडी. ओढ्यावर माणसापुरता घातलेला पूल म्हणजे साकव. खाडी उतरविणारी होडी म्हणजे तर. ह्यांतली एकही गोष्ट प्रवाशाच्या मौजेसाठीं निर्माण झालेली नाहीं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारास जाणारी कोळीण, गुरें सड्यावर नेणारा गुराखी, पलीकडच्या गांवीं लेकीस भेटावयास निघालेली म्हातारी, अशांच्या पायांनीं ह्या वाटा पडलेल्या आहेत.

आतां भरती-ओहोटीविषयीं. समुद्राचें पाणी सुमारें सहा तास चढतें व तितकाच वेळ उतरतें. दररोज भरतीची वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरते. घड्याळ आणि छापील कोष्टक नसतांही ही वेळ काढण्याची एक युक्ति कोंकणांत प्रसिद्ध आहे. त्या दिवसाच्या तिथीस तिनानें गुणावें व चारानें भागावें. जें उत्तर येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी ऐन दुपारीं. पौर्णिमेस व अमावास्येस पंधरा धरून हिशेब केल्यास सव्वाअकरा येतात. म्हणजे ओहोटी पहांटे व तिन्हीसांजेला. चंद्राची गति आणि समुद्राचें पाणी यांचा संबंध पुस्तकांत वाचून जितका मनांत ठसत नाहीं, तितका हा त्रैराशिकासारखा हिशेब एकदां वाळूवर उभें राहून पडताळल्यानें ठसतो.

आणखी एक भेद आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढतें आणि फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार बेताचा, तो भांग. नवखा मनुष्य म्हणेल कीं भांगाचे दिवस बरे. पण भांगांत पाणी मागेंही थोडेंच हटतें, त्यामुळें ज्या सोंडेच्या पायथ्याचा खडक उधाणाच्या ओहोटींत कोरडा पडतो तो अष्टमीस ओला राहूं शकतो. म्हणून चालण्यास तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस पसंत करावे. ओहोटी सकाळीं आठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, आणि पाणीही पुरेसें हटतें.

हें न पाळल्यास काय होतें तें हरिहरेश्वरीं समजतें. सावित्रीच्या मुखाशीं वसलेल्या ह्या क्षेत्राची प्रदक्षिणा केवळ देवळाभोंवतीं होत नाहीं. ती डोंगरावर चढते आणि खडकाच्या अरुंद खिंडींतून पायऱ्यांनीं थेट समुद्राच्या कांठीं उतरते. पुढें लाटांनीं तासलेल्या कातळावरून चालावें लागतें. तेथील कड्यांवर खाऱ्या वाऱ्यानें व पाण्यानें मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. दगड इतका नाजूक होऊं शकतो हें पाहून नवल वाटतें. पण ही वाट ओहोटीपुरतीच उघडी असते. भरती चढूं लागली कीं एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस लाट, आणि मध्यें शेवाळानें निसरडा झालेला खडक. लाटेनें ओढून नेलेल्या यात्रेकरूंच्या वार्ता वृत्तपत्रांतून येत असतात. गांवकरी ज्या वेळीं जाऊं नका म्हणतील त्या वेळीं जाऊं नये, ह्यांत भित्रेपणा नाहीं. गुहागर तालुक्यांत हेदवीस बामणघळ नांवाची खडकांतली एक चीर आहे. तिच्यांत भरतीचें पाणी कोंडून उंच फवारा उडतो. तो दुरूनच पाहावा.

चालण्यास सर्वांत सोयीचा पल्ला दापोली तालुक्यांतील केळशी ते दाभोळ हा होय. वळणावळणानें तो सुमारें ४५ ते ५० किलोमीटर भरतो. केळशीस भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची एक टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील अभ्यासकांनीं तिचें संशोधन केलें असून, समुद्राच्या एखाद्या प्रचंड लाटेनें ती साचली असावी असेंही एक मत मांडण्यांत आलें आहे. तेथून सोंड ओलांडून आडें, पाडलें हीं गांवें घेत आंजर्ल्यास यावें. आंजर्ल्याचें नांव निघालें कीं कड्यावरचा गणपति आठवतो. गांवांतून देवळाकडे चढणारी पाखाडी शांतपणें चढावी. वर पोंचतांच समुद्र आणि त्यांतील सुवर्णदुर्ग एकदम समोर उभे राहतात. मोटारींतून वर येणाऱ्यांस हेंच दृश्य दिसतें खरें, पण घाम आलेल्या मनुष्यास तो वारा जसा लागतो तसा त्यांस लागत नाहीं.

जोग नदीची खाडी ओलांडली कीं हर्णै. तेथें वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. बैलगाड्या गुडघाभर पाण्यांत शिरून होड्यांतून मासळी उतरवून आणीत, तें चित्र पुष्कळांनीं वर्णिलें आहे. समुद्रांत सुवर्णदुर्ग, आणि कांठावर गोवा, कनकदुर्ग व फत्तेगड हे त्याचे तीन पाठीराखे. १७५५ सालीं इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनें तुळाजी आंग्र्याच्या हातून हा किल्ला घेतला. त्या कामीं पेशव्यांचें साहाय्य होतें, ही गोष्ट किल्ला पाहतांना मनांतून जात नाहीं.

पुढचें गांव मुरुड. महर्षि धोंडो केशव कर्वे येथेंच लहानाचे मोठे झाले. १८७५ सालीं सतरा वर्षांचे असतांना एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेले. अंतर सुमारें ११० मैल, मध्यें सह्याद्रि, आणि वर धो धो पाऊस. तेथें पोंचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें ठरवून परीक्षकांनीं त्यांस बसूं दिलें नाहीं! आज मुरुडच्या पुळणीवर उभें राहून पूर्वेकडील डोंगरांच्या रांगा मोजाव्या, म्हणजे त्या चालण्याचें मोल कळतें.

मुरुडापासून कर्दें, लाडघर, बुरोंडी व कोळथरें अशीं गांवें एकामागून एक येतात. कर्द्याची पुळण लांब व कठीण वाळूची. अनवाणी चालण्यास उत्तम. लाडघरास तांबूस खड्यांमुळें पाणी लालसर भासतें, त्यास तामसतीर्थ म्हणतात. शेवटचा टप्पा बहुतेक सड्यावरचा व उन्हाचा असल्यामुळें पाणी जवळ बाळगावें. मग एकदम खालीं वाशिष्ठीची रुंद खाडी आणि दाभोळ. दाभोळ हें आम्हां सोलापूरकरांस परकें वाटूं नये. विजापूरच्या आदिलशाहीचें तें एक मोठें बंदर होतें. अरबस्तानाकडून येणारा माल येथें उतरून घाटांनीं आमच्या बाजूस चढत असे. तेथील जुनी मशीद अजून त्या वैभवाची साक्ष देते. खाडीपलीकडे धोपावें, मोटारींसह माणसें नेणारी मोठी होडी तेथें चालते.

रत्नागिरीच्या दक्षिणेस सड्यांचें राज्य अधिक. पावसाळा संपतां संपतां ह्याच उजाड कातळावर इवल्या फुलांचा गालिचा पसरतो. पण सड्यांचें खरें धन निराळें आहे. कातळांत कोरलेलीं माणसांचीं, पशूंचीं व माशांचीं चित्रें तेथें शेंकड्यांनीं सांपडलीं आहेत. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे, तो सुमारें १८ मीटर लांब. आणि त्याच्या देहांत आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदि मंडळींनीं गांवोगांव चालून, गुराख्यांस विचारून, ह्या चित्रांचा मोठा शोध लाविला. गुराख्यांस तीं ठाऊकच होतीं. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें इतकेंच. २०२२ सालीं कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू इत्यादि स्थळें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादींत आलीं. त्यांतील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीच्या कारखान्यासाठीं २०२३ च्या एप्रिलांत मातीचें परीक्षण सुरू झालें, तेव्हां गांवकरी तेथें आडवे पडले. कारखाना हवा कीं नको हा वाद मोठा आहे व तो येथें सोडवावयाचा नाहीं. परंतु ज्या सड्यावरून कोणी चालत नाहीं तो सडा दूरच्या कागदावर सहज पडीक जमीन म्हणून लिहिला जातो, एवढें खरें.

पायवाटांचेंही तसेंच आहे. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व त्यावर खाड्यांचे पूल करण्याची योजना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून चालत आली आहे. कांहीं पूल झाले, कांहीं व्हावयाचे आहेत. आजाऱ्यास तरीसाठीं खाडीकांठीं खोळंबावें लागूं नये, म्हणून पुलांचा द्वेष करणें अन्यायाचें होईल. मात्र पूल झाला कीं तर बंद पडते, तर बंद पडली कीं तिच्याकडे उतरणारी पाखाडी करवंदीच्या जाळ्यांत बुडते. सड्यावरील जमीन विकली गेली कीं नवा मालक चिऱ्यांची भिंत घालतो, आणि वाट भिंतीपाशीं थांबते. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, म्हणजे सर्वांची, हें कायद्यानें ठरलेलें आहे. पण तेथवर पोंचावें कोणत्या वाटेनें हें त्यांत सांगितलेलें नाहीं. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणीं अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यानें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. ती दाद शेतकऱ्याची. शेतच पडीक टाकून मुलगा मुंबईस गेला, तर त्या वाटेच्या वतीनें बोलणार कोण?

फ्रान्स देशानें ह्या प्रश्नास एक उत्तर दिलें आहे. त्याच्या किनाऱ्यावर चोरटा माल पकडण्यासाठीं जकातीचे शिपाई पूर्वीं पायीं गस्त घालीत. त्यांच्या वाटा पुढें ओस पडल्या व बंगल्यांच्या कुंपणांत गेल्या. १९७६ च्या अखेरीस तेथें कायदा झाला कीं समुद्रालगतच्या खाजगी जमिनींतूनही तीन मीटर रुंदीची पट्टी पायीं चालणाऱ्यांस मोकळी असावी. नैर्ऋत्येस, स्पेनच्या सरहद्दीजवळ, बास्क लोकांच्या मुलखांत बिदार गांवापासून आंदायपर्यंत सुमारें २५ किलोमीटरांची अशी वाट कड्यांच्या माथ्यावरून जाते. एका हातास बिस्केचा उपसागर, दुसऱ्या हातास पिरिनीज पर्वताच्या रांगा. तिचा पुष्कळ भाग आमच्या आंजर्ल्या-हर्णैहून अधिक सुंदर असेल असें मला वाटत नाहीं. अधिक आहे ती तीन मीटरांची हमी.

नाताळच्या सुटींत चार दिवस काढतां येत असतील त्यांनीं पंचांग पाहून निघावें. तृतीयेस केळशी सोडावी. त्या दिवशीं ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. दुसऱ्या दिवशीं चतुर्थी, म्हणून कड्यावरच्या गणपतीस गर्दी असेल. पहांटेच चढून यावें आणि नऊच्या ओहोटीस पुळणीवर उतरावें. पंचमीस मुरुडाहून कर्दें व लाडघर, षष्ठीस कोळथऱ्यावरून दाभोळ. वाट चुकल्यासारखी वाटली तर गडग्यापलीकडच्या कोणाही आजोबांस विचारावें. ते नुसती दिशा दाखवून थांबत नाहींत, बहुधा पहिल्या वळणापर्यंत सोबत येतात.