किलो सायकलचा की स्वाराचा?

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रॅडली विगिन्स या ब्रिटिश सायकलपटूने ट्रॅकवर दोन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा त्याचं वजन ७८ किलोंच्या आसपास होतं. पुढच्या वर्षी तो ‘टूर द फ्रान्स’मध्ये उतरला तो सुमारे सहा किलो कमी करून. तोपर्यंत डोंगर लागला की मागे पडणारा हा उंचापुरा गडी आता आल्प्समध्येही अव्वल चढाईपटूंच्या बरोबरीने जात होता. २०१२मध्ये तर त्याने ही शर्यतच जिंकली. मग २०१६च्या रिओ ऑलिंपिकसाठी त्याने वजन पुन्हा वाढवलं, ऐंशीच्या पुढे नेलं, आणि ट्रॅकवरच्या सांघिक परस्यूटमध्ये सुवर्ण मिळवलं. शर्यतीच्या सायकलला मात्र असं मनाला येईल तितकं हलकं होता येत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार २००० सालापासून ती ६.८ किलोंपेक्षा हलकी असून चालत नाही.

रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्या किंवा मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण होणार याची चर्चा करणाऱ्या मंडळींत या विषयावर हमखास वाद होतो. कुणी म्हणतं, कार्बनची फ्रेम घे, दोन किलो वाचतील. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आधी पोटावरचे दोन किलो उतरव, फुकटात काम होईल.’ हे उत्तर ऐकायला चोख वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

खरा अर्धा भाग आधी पाहू. चढावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते. एकूण वस्तुमान किती आणि ते किती उंच न्यायचं, यावर काम ठरतं. ते वस्तुमान फ्रेममध्ये आहे, पाण्याच्या बाटलीत आहे की कमरेवर, याने घाटाला काही फरक पडत नाही. फ्रान्समधला आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट घेऊ. लांबी १३.८ किलोमीटर, एकवीस वळणं आणि सरासरी आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची. ७५ किलोंचा हौशी स्वार, दहा किलोंची सायकल आणि सामान, आणि पायांची ताकद सतत २२० वॅट, असं धरून गणित मांडलं तर वेग ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास येतो आणि माथा गाठायला सुमारे ७७ मिनिटं लागतात. यातून कुठूनही एक किलो काढा, जवळपास ५० सेकंद वाचतात. शर्यतीत पन्नास सेकंद पुष्कळ असतात. रविवारच्या फेरीत तेवढा वेळ फोटो काढण्यातच जातो.

सपाट रस्त्यावर हे चित्र पार बदलतं. हाच स्वार ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर त्याच्या ताकदीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग हवेला मागे सारण्यात जातो. वजनाचा संबंध उरतो तो टायर आणि रस्ता यांच्यातल्या रोधापुरता, आणि तो थोडाच. चाळीस किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर एक किलो कमी केल्याने फार तर पाच सेकंद वाचतील. त्यापेक्षा कोपर वाकवून, छाती खाली घेऊन बसलं तर मिनिटांच्या हिशेबात फायदा होतो, कारण हवेचा बहुतांश रोध सायकलमुळे नसून तिच्यावर बसलेल्या शरीरामुळे असतो. विगिन्सला ट्रॅकवर वजन वाढवणं परवडलं ते म्हणूनच. तिथे चढ नाही, ताकदीचे स्नायू हवेत, आणि शरीर जड झालं तरी समोरून हवेला अडवणारं त्याचं क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही.

चढावर गमावलेला वेळ उतारावर भरून निघेल, अशीही एक समजूत आहे. जड स्वार उताराला थोडा वेगाने सुटतो हे खरं. पण उतार काही मिनिटांतच संपतो, वेगाबरोबर हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि वळणांवर ब्रेक तर सगळ्यांनाच दाबावे लागतात. चाकांबद्दलची समजूतही तपासून घ्यायला हवी. रिमवरचा एक ग्रॅम फ्रेमवरच्या दोन ग्रॅमइतका भारी पडतो तो वेग वाढवताना. एका लयीत घाट चढताना एक ग्रॅम हा एकच ग्रॅम असतो.

आता उत्तरातली खोट. सायकलचा किलो हा निव्वळ ओझं असतो, तो काढला तर पायांचं काहीही बिघडत नाही. शरीराचा किलो जिवंत असतो. तो साठलेल्या चरबीचा असेल आणि सावकाश उतरला तर उत्तमच. पण घाईने, उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात आणि त्यांत साठवलेली ग्लायकोजेनरूपी ऊर्जाही. मग वजन एक टक्क्याने घटतं आणि ताकद तीन टक्क्यांनी. घाटावर महत्त्व असतं दर किलोमागे किती वॅट याला, आणि वजनाचा काटा त्यातली एकच बाजू दाखवतो.

ही दुसरी बाजू जपत वजन घटवण्याचा मोह किती मोठा असतो, तेही विगिन्सच्याच बाबतीत दिसलं. २०१२च्या शर्यतीआधी त्याने दम्याच्या कारणासाठी रीतसर परवानगी घेऊन ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड घेतलं होतं. ताकद टिकवून वजन उतरवण्यासाठी त्याचा वापर झाला, असं ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८च्या अहवालात म्हटलं. विगिन्सने ते ठामपणे नाकारलं. नियमभंग झाल्याचं समितीनेही म्हटलं नव्हतं, तरी प्रश्न मागे राहिलाच.

हौशी स्वारांसमोर मोह असतो तो न खाण्याचा. दमणूक मोठी आणि खाणं अपुरं असं बरेच दिवस चाललं की शरीर काटकसर सुरू करतं. स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, हाडं विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं. सायकलस्वारांना हाडांचा धोका अधिक असतो. धावताना हाडांवर आघात होतात आणि ती बळकट होतात, सायकलवर असा आघात होत नाही. आधीच सडपातळ असलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘अजून दोन किलो उतरव’ असं सांगणारा प्रशिक्षक त्यांचं नुकसान करतो, हे स्पष्ट बोलायला हवं.

या वादात एक गोष्ट जवळजवळ कुणीच बोलत नाही. २०१०ची टाइम ट्रायल विश्वविजेती एमा पूली सुमारे ४८ किलोंची होती. ६.८ किलोंची सायकल म्हणजे तिच्या वजनाच्या चौदा टक्के. ७२ किलोंच्या विगिन्ससाठी तीच सायकल साडेनऊ टक्के. नियम एकच, पण लहान चणीच्या स्वारावर त्याचा भार दीडपट. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या हायब्रिड सायकली तर तेरा-चौदा किलोंच्या असतात. पन्नास किलोंच्या मुलीने १४ किलोंऐवजी नऊ किलोंची सायकल घेतली तर तिचं एकूण ओझं जवळपास आठ टक्के कमी होतं. ८४ किलोंच्या बाप्याने तीच अदलाबदल केली तर जेमतेम पाच टक्के.

म्हणजे महागड्या हलक्या सायकलचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना होतो, ते बहुतेकदा दुकानात ती पाहायलाही जात नाहीत. जडशा माणसाने घाट सोपा करण्यासाठी आधी मागची कॅसेट बदलून ३४ दात्यांची मोठी चक्री बसवावी. त्याने काम कमी होत नाही, पण गुडघे वाचतात आणि पायांची लय टिकते. वजन उतरवायचंच असेल तर पोटभर खाऊन, महिन्यांच्या हिशेबाने उतरवावं. आणि घरात दोन सायकली असतील, तर त्यातली हलकी सायकल घरातल्या सर्वांत हलक्या माणसाला द्यावी.