३०० किलोचं एल्क आणि गोळी एकच! अमेरिकेत आजही ठासणीच्या बंदुकीने शिकार कशी करतात?

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला एकतर म्युझियम आठवतं, नाहीतर कोकणातला शेतकरी. शेतराखणीसाठी परवाना घेतलेल्या अशा बंदुका कोकणात अजूनही सापडतात. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती एनफिल्ड रायफलसुद्धा ठासणीचीच होती. काडतूस दातांनी फोडायचं, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, वरून गोळी घालायची आणि गजाने ठासायची.

पण हीच जुनी पद्धत अमेरिकेत आजही जोरात सुरू आहे. आणि तीही एल्कसारख्या प्राण्यासाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद समजा. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे सहज जातो.

आता प्रश्न पडतो, आधुनिक रायफल हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी?

कारण आहे हंगाम. अमेरिकेत सर्वाधिक एल्क असलेल्या कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीसाठी सप्टेंबरमध्ये साधारण ९ दिवसांचा वेगळा हंगाम असतो. त्याचे परवाने सोडतीत मिळतात. हा एल्कच्या माजाचा काळ असल्याने नर मोठमोठ्याने साद घालत फिरतात आणि शिकाऱ्याला जवळ जाण्याची संधी मिळते. आधुनिक रायफलवाल्यांचे मुख्य हंगाम त्यानंतर येतात.

नियम मुद्दाम अवघड ठेवलेत

ही सवलत फुकट मिळत नाही. कोलोरॅडोत या हंगामात बंदुकीला दुर्बीण लावता येत नाही, उघडी माशी बघूनच नेम धरायचा. एल्कसाठी नळीचा व्यास किमान अर्धा इंच, म्हणजे ५० कॅलिबर हवा. दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटी दारूच मोजून भरावी लागते. गोळीवर प्लॅस्टिकचं आवरण चढवायलाही बंदी आहे.

बंदूक सुधारत गेली, तसे हे नियम महत्त्वाचे ठरले. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी एमके-८५ नावाची ठासणीची बंदूक बाजारात आणली. तिच्यात ठिणगी थेट दारूच्या मागून पडायची, त्यामुळे बार चुकण्याचं प्रमाण कमी झालं. या प्रकारच्या बंदुका पुढे आधुनिक रायफलच्या जवळ जाऊ लागल्या. म्हणून काही राज्यांनी नियमांनीच त्यांना जुन्या मर्यादेत धरून ठेवलंय.

गोळी कोणती घ्यायची?

पर्याय मुख्यतः दोन. पहिला, तेल लावलेल्या कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळी. ५० कॅलिबरच्या बंदुकीत तिचं वजन साधारण ११ ते १२ ग्रॅम भरतं. ती सुटते वेगात, पण गोल असल्याने हवेत तिचा वेग पटकन मरतो. दुसरा पर्याय लांबट गोळीचा. ती २० ते २६ ग्रॅमपर्यंत असते, वेग टिकवते आणि खोल शिरते. एल्कचं हाड आणि स्नायू जाड असल्याने बरेच शिकारी लांबट गोळीला पसंती देतात.

पण निवड फक्त आवडीवर होत नाही. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे असतात. गोळी साधारण ६० इंचांत एक फेरा घेत असेल, तर ती नळी गोल गोळीला जुळते. २८ ते ३२ इंचांत एक फेरा असेल, तर लांबट गोळीला. ४८ इंच हा मधला मार्ग. चुकीची जोडी लावली तर नेम कितीही चांगला धरा, गोळी भलतीकडेच जाणार.

दारू किती?

इथे माप 'ग्रेन'मध्ये असतं. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. एल्कसाठी ५० कॅलिबरमध्ये साधारण ८० ते ११० ग्रेन काळी दारू वापरली जाते. पण शेवटचा शब्द बंदूक बनवणाऱ्या कंपनीचा. तिने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारखे पर्यायही मिळतात. ते तराजूवर तोलत नाहीत, मापाने भरतात. कारण तेवढ्याच मापात त्यांचं वजन काळ्या दारूपेक्षा कमी असतं. वजनाने भरली तर दारू जास्त पडते. आणि आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू या बंदुकीत कधीच घालायची नाही. तिच्या दाबाने नळी फुटून माणूस जाऊ शकतो.

फुसका बार का निघतो?

बहुतेक वेळा ओल किंवा तेलामुळे. गंज लागू नये म्हणून नळीला तेल लावून ठेवलेलं असतं. ते कोरड्या कापडाने पुसलं नाही तर दारू भिजते. म्हणून भरण्याआधी शिकारी गज आत घालून नळी रिकामी असल्याची खात्री करतात, मग ती पुसतात, नुसत्या एक-दोन केपा उडवून ठिणगीचा मार्ग मोकळा करतात. केप म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीची मोठी बहीण.

मग दारू, त्यावर गोळी. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. त्यासाठी गजावर खूण करून ठेवतात. खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर. केप सगळ्यात शेवटी, नेम धरायच्या वेळी. पावसात नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावतात.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक किमान एक-दोन मिनिटं सुरक्षित दिशेलाच धरून ठेवतात. दारू उशिरानेही पेटू शकते.

दुसरी संधी नसते

एवढी काळजी कशासाठी? कारण पुन्हा भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धं-एक मिनिट लागतं. शिवाय बार उडाल्यावर समोर पांढऱ्या धुराचा पडदा. तोपर्यंत जखमी एल्क दाट जंगलात गेलेलं असतं. ते तिथे तडफडत मरतं, कुणाच्या हाती लागत नाही आणि मांसही वाया जातं. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे.

म्हणून जाणकार शिकारी उन्हाळाभर त्याच दारूने, त्याच गोळीने सराव करतात आणि आपलं अंतर ठरवून घेतात. उघड्या माशीने बहुतेकांचं ते ९० मीटरच्या आसपास असतं. प्राणी आडवा उभा असेल आणि पुढच्या पायामागचा छातीचा भाग स्पष्ट दिसत असेल, तरच चाप ओढायचा. नाहीतर ९ दिवसांचा हंगाम रिकाम्या हाताने संपला तरी बंदूक खाली.

जाता जाता एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. एल्कचा भाऊबंद सांबर इथे मारला तर परवाना नाही, थेट तुरुंग.